होस्टची मेमरी संपली की कोणती व्हीएम मरणार, हे कर्नलच्या आधी तुम्ही ठरवा

उद्यमबागेतला मशीनिंगचा कारखाना असो, खानापूरची पतसंस्था असो की निपाणीतलं एखादं खासगी हॉस्पिटल. आपल्याकडे सर्व्हर रूम म्हणजे बहुतेक ठिकाणी जिन्याखालची एक खोली, एक एसी, एक यूपीएस आणि एकच दणकट मशीन. त्यावर प्रॉक्समॉक्स, नाहीतर साधं लिनक्स आणि केव्हीएम टाकून चार-पाच व्हीएम (व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात चालणारे वेगवेगळे संगणक) चालवलेल्या असतात. खालचं खरं मशीन तो होस्ट, वरची प्रत्येक व्हीएम ही गेस्ट. टॅली आणि एसक्यूएल सर्व्हरची विंडोज, ईआरपी, हजेरीचं सॉफ्टवेअर, फाइल सर्व्हर, आणि कुणीतरी कधीतरी 'टेस्ट' म्हणून बनवलेली, नंतर पुसायची राहून गेलेली एक. डिप्लोमा किंवा बीई करून नव्यानं रुजू झालेल्या माणसाच्या हाती हे सगळं येतं आणि थोड्याच दिवसांत फोन येतो, "टॅली बंद पडलंय की ओ, बघा जरा."

जाऊन बघावं तर होस्ट चालू, बाकीच्या व्हीएम चालू, नेमकी सगळ्यात महत्त्वाची व्हीएम तेवढी 'स्टॉप्ड'. कुणी बंद केलेली नाही, हेस्कॉमची वीजही गेलेली नाही. असं दिसलं की पहिला संशय लिनक्स कर्नलच्या ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलरवर घ्यायचा. होस्टची मेमरी संपत आली, कुठूनही मोकळी करता येईना, की कर्नल एखादी प्रोसेस निवडतो आणि मारून टाकतो. संपूर्ण मशीन अडकून बसण्यापेक्षा एक प्रोसेस गेलेली बरी, एवढाच त्याचा हिशेब. आणि होस्टच्या दृष्टीनं तुमची आख्खी विंडोज सर्व्हर ही एक प्रोसेसच आहे.

(आदेशांची आणि फाइलींची नावं खाली उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलवर ती इंग्रजी छोट्या अक्षरांतच टाइप करायची.)

मेमरी असते त्यापेक्षा जास्त कशी वाटली जाते

पतसंस्थेत काम केलेल्याला हे लगेच कळेल. सगळ्या सभासदांची कॅश क्रेडिटची मर्यादा मिळवली तर तेवढी रोकड तिजोरीत कधीच नसते. सगळे एकाच दिवशी सगळी रक्कम उचलणार नाहीत, या भरवशावर व्यवहार चालतो. कर्नलही असंच वागतो. व्हीएमला १६ जीबी दिले म्हणजे सुरू होताक्षणी १६ जीबी गेले असं नाही. गेस्ट जसजशी एकेक पेज (मेमरीचा ४ केबीचा तुकडा) पहिल्यांदा वापरेल, तसतशी होस्ट ती खरोखर देत जातो.

इथेच नवी माणसं फसतात. लिनक्स गेस्ट सुरुवातीला थोडीच मेमरी घेते, मग फाइल्स वाचत, बॅकअप घेत तिचा स्वतःचा कॅश (वाचलेल्या फाइल्स हाताशी ठेवायची मेमरी) वाढत जातो. आतून 'फ्री' हा आदेश चालवला तर भरपूर मोकळी मेमरी दिसते, पण त्या पेजेस एकदा वापरल्या गेल्यामुळे होस्टच्या खात्यावर त्या खर्चीच पडलेल्या असतात आणि आपोआप परत येत नाहीत. म्हणून नवा सेटअप काही आठवडे सुरळीत चालतो आणि मग अचानक कोसळतो, आणि सगळे विचारतात, 'काल तर चालत होतं, आज काय बदललं?' बदललेलं काहीच नसतं.

विंडोजची तऱ्हा उलटी. ती बूट होताना मोकळी मेमरी शून्यानं भरून घेते, त्यामुळे दिलेली जवळजवळ सगळी मेमरी सुरुवातीलाच होस्टकडून उचलली जाते. पावसाळ्यात खानापूरकडे वीज वारंवार जाते. यूपीएस संपून मशीन बंद झालं आणि वीज आल्यावर सगळ्या व्हीएम एकदम उठल्या, तर त्या पहिल्या काही मिनिटांतच ओओएम येऊ शकतो. प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम सुरू होण्याचा क्रम आणि दोन व्हीएममधला वेळ ठरवता येतो, तो जरूर ठरवा. मात्र बेरीजच चुकली असेल तर क्रम लावून फक्त उशीर होईल.

पहिली पायरी: नक्की कुठे मेला ते शोधा

ओओएम तीन ठिकाणी घडू शकतो आणि तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. व्हीएम चालूच आहे, पण आतली मायएसक्यूएल किंवा जावाची प्रोसेस गेली, तर तो गेस्टच्या आतला ओओएम. होस्टवर हात लावायची गरज नाही. एलएक्ससी कंटेनरमधली (होस्टचाच कर्नल वापरणारा, व्हीएमपेक्षा हलका कप्पा) प्रोसेस त्या कंटेनरच्या मर्यादेला धडकून मेली, तर होस्टच्या लॉगमध्ये 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' असे शब्द येतात (सीग्रुप म्हणजे मर्यादा घातलेला प्रोसेसचा गट) आणि होस्टवर भरपूर मेमरी मोकळी असली तरी हे होतं. आणि आख्खी व्हीएमच गायब झाली असेल, तर मामला होस्टचा. विंडोज गेस्ट पुन्हा उठल्यावर तिच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ आणि इव्हेंट ६००८ दिसतात. म्हणजे विंडोजला एवढंच कळतं की आपण अचानक गेलो. कारण तिला माहीत असायचं कारण नाही. ते होस्टलाच विचारायचं.

दुसरी पायरी: लॉगची ती ओळ नीट वाचा

होस्टवर 'डीमेसेज -टी' (हा टी मात्र मोठा) चालवा. होस्ट मध्येच रीबूट झाला असेल तर 'जर्नलसीटीएल -के -बी -१', म्हणजे आधीच्या बूटचा कर्नल लॉग. त्यात 'किल्ड प्रोसेस' शोधा. साधारण अशी ओळ सापडेल:

आउट ऑफ मेमरी: किल्ड प्रोसेस २२८१ (केव्हीएम) टोटल-व्हीएम:२७२६२९७६केबी, अ‍ॅनॉन-आरएसएस:२४९०३६८०केबी ... ओओएम_स्कोर_अ‍ॅडज:०

टोटल-व्हीएम बघून घाबरू नका. तो फक्त मागून ठेवलेल्या पत्त्यांचा आकडा. खरा खर्च अ‍ॅनॉन-आरएसएस. २४९०३६८० केबीला १०४८५७६ नं भागलं की २३.७५ जीबी येतात, म्हणजे ही २४ जीबी दिलेली व्हीएम जवळजवळ पूर्ण भरलेली होती. शेवटचं शून्य सांगतं की तिच्यासाठी कुणी कसलंच प्राधान्य ठरवलेलं नव्हतं.

या ओळीच्या जरा वर 'ओओएम-किल:कॉन्स्ट्रेंट=' अशी सुरू होणारी दुसरी ओळ असते. तिथे 'कॉन्स्ट्रेंट_नन' असेल तर आख्ख्या होस्टची मेमरी संपली होती. 'कॉन्स्ट्रेंट_मेमसीजी' असेल तर एखाद्या गटाची मर्यादा भरली होती. त्याच ओळीत 'टास्क_मेमसीजी=/क्यूएमयू.स्लाइस/१०१.स्कोप' असं काहीतरी दिसेल. तो १०१ म्हणजे प्रॉक्समॉक्समधला व्हीएमचा क्रमांक. प्रोसेसचं नाव सगळ्या व्हीएमचं सारखंच असल्यामुळे ओळख पटवायला हा आकडा फार कामाचा. साध्या लिबव्हर्टवर (प्रॉक्समॉक्स नसेल तेव्हा केव्हीएम सांभाळणारं साधन) प्रोसेसचं नाव 'क्यूएमयू-सिस्टम-एक्स८६' दिसतं आणि स्कोपच्या नावात व्हीएमचं नाव असतं.

दोन गोष्टींत हमखास गडबड होते. सगळ्यात वर 'अमुक इन्व्होक्ड ओओएम-किलर' असं लिहिलेलं असतं आणि लोक त्या 'अमुक'ला दोषी धरतात. बॅकअपची प्रोसेस, कधी साधं क्रॉन (ठरल्या वेळी आदेश चालवणारी सेवा), कधी दुसरीच व्हीएम. मेमरी संपली त्या क्षणी ज्यानं मागितली त्याचं ते नाव. अर्धा एमबी मागणाराही तिथे येऊ शकतो. दुसरं म्हणजे मधला प्रोसेसचा लांबलचक तक्ता. त्यातला आरएसएस रकाना केबीत नसतो, ४ केबीच्या पेजेसमध्ये असतो, चारनं गुणायचं. तो तक्ता कॉपी करून ठेवा, कारण मेमरी संपली त्या क्षणी कोण किती खात होतं याचा एवढा चोख पुरावा पुन्हा मिळत नाही.

लगेच 'स्टार्ट' दाबू नका

मालक मागे उभा असतो, अकाउंट्सवाले फोन करत असतात, आणि हात आपोआप स्टार्टकडे जातो. पण तीच व्हीएम तेवढीच मेमरी मागत परत उठणार आणि या वेळी दुसरी कुठली तरी जाणार. आधी 'टेस्ट' बंद करा, चालू बॅकअप थांबवा, 'फ्री -एच' मधला 'अव्हेलेबल' रकाना बघा, मग उठवा. नेहमीच्या शटडाउनचा इथे संबंध नसतो. कर्नलनं थेट सिगकिल दिलेला असतो, म्हणजे चालू मशीनची पॉवर केबल उपटल्यावर होतं तेच. एसक्यूएल सर्व्हर सहसा आपल्या ट्रान्झॅक्शन लॉगवरून सावरतो. टॅलीचा डेटा मात्र उघडून, शेवटच्या काही व्हाउचर नोंदी संबंधित माणसाकडून तपासून घ्या.

'स्टार्ट अ‍ॅट बूट' लावलंय म्हणून व्हीएम आपोआप उठेल अशी आशाही नको. ते फक्त होस्ट बूट होताना लागू होतं. क्लस्टरमध्ये एचए (पडलेली व्हीएम आपोआप उठवणारी सोय) लावलं असेल तर गोष्ट वेगळी.

तिसरी पायरी: कागद घ्या आणि बेरीज करा

खरं काम हे. बाकीचं सगळं याच्याभोवती फिरतं.

समजा ६४ जीबीचा होस्ट आहे. फर्मवेअर आणि कर्नलचा वाटा जाऊन 'फ्री' मध्ये साधारण ६२ दिसतात. त्यावर व्हीएम अशा: टॅली-एसक्यूएल २४, ईआरपी १६, फाइल सर्व्हर ८, हजेरी ८, टेस्ट ८. बेरीज ६४. ज्यानं वाटणी केली त्यानं डब्यावरचे ६४ धरून पै-न्-पै वाटली आणि होस्टला स्वतःलाही जगायला काही लागतं हे सोडून दिलं.

होस्टला काय काय लागतं? स्वतःची ऑपरेटिंग सिस्टम, वेब इंटरफेस, बॅकअप या सगळ्याला ४ जीबी धरा. प्रत्येक व्हीएममागे ती चालवणाऱ्या क्यूएमयू प्रोसेसचा स्वतःचा खर्च असतो, तो दिलेल्या मेमरीच्या वर. डिस्क, नेटवर्क, डिस्प्ले यांवर तो कमी-जास्त होतो. मी व्हीएममागे अर्धा जीबी बाजूला काढतो, पाच व्हीएमना अडीच. झेडएफएस ही फाइल सिस्टम असेल तर तिचा एआरसी नावाचा कॅश, समजा ६ वर बांधलेला. शिवाय ४-५ जीबी निव्वळ मोकळे, कारण मार्चअखेरीला आणि गाळप हंगामात कुणाचं काय वाढेल सांगता येत नाही. ६२ मधून हे वजा केलं की व्हीएमना वाटायला ४५ उरतात. मग टॅली-एसक्यूएल २०, ईआरपी १०, फाइल सर्व्हर ६, हजेरी ६, टेस्ट ३. झाले ४५.

"पण ईआरपीच्या कंपनीनं १६ सांगितलंय," हे उत्तर येणारच. गेस्टच्या आत आठवडाभर बघा, कॅश सोडून प्रत्यक्ष किती लागतंय ते. विक्रेता आकडा सांगताना स्वतःचा बचाव पाहतो. तुमच्या होस्टवर आणखी कोण राहतंय हे त्याला ठाऊक नसतं.

झेडएफएस असेल तर एआरसी बांधल्याशिवाय पुढे जाऊ नका

प्रॉक्समॉक्स झेडएफएसवर टाकलं असेल तर इन्स्टॉल केव्हाचं आहे ते बघा. ८.१ आवृत्तीपासून नवीन इन्स्टॉल करताना एआरसीची मर्यादा एकूण रॅमच्या १० टक्के, जास्तीत जास्त १६ जीबी, अशी लावली जाते. त्याआधीच्या इन्स्टॉलवर ती रॅमच्या निम्म्यापर्यंत जाते. ६४ च्या मशीनवर ३२! जुनं मशीन अपग्रेड करत ८ वर आणलं असेल तर ही नवी मर्यादा आपोआप लागलेली नसते.

एआरसीला 'कॅश' म्हणतात खरं, पण 'फ्री' मध्ये तो 'बफ/कॅश' रकान्यात न दिसता 'युज्ड' मध्ये दिसतो. त्यामुळे व्हीएमची बेरीज ४० आणि 'युज्ड' ५८ असं काहीतरी दिसतं आणि माणूस मेमरी गळतेय म्हणून शोधत बसतो. 'एआरसी_समरी' चालवा, उत्तर मिळेल. दबाव आला की एआरसी आकसतो, पण मागणी एकदम आली तर त्याचं आकसणं पुरेसं वेगानं होईलच असं नाही.

मर्यादा घालायला 'ईटीसी' खालच्या 'मॉडप्रोब.डी' फोल्डरमध्ये 'झेडएफएस.कॉन्फ' फाइल उघडा आणि 'ऑप्शन्स झेडएफएस झेडएफएस_एआरसी_मॅक्स=६४४२४५०९४४' ही ओळ लिहा. आकडा बाइट्समध्ये असतो. हे ६ जीबी झाले. रूट डिस्कही झेडएफएसवर असेल तर 'अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल' चालवून मग रीबूट. पतसंस्थेत रीबूट दिवस बंद झाल्यावरच. काउंटरसमोर रांग असताना नाही.

गेस्टच्या आतली भूक

एसक्यूएल सर्व्हरची 'मॅक्स सर्व्हर मेमरी' कुणी बदललेली नसेल तर ती २१४७४८३६४७ एमबी असते. व्यवहारात याचा अर्थ मर्यादाच नाही. विंडोजला दिलेलं सगळं तो हळूहळू खातो. २० जीबीच्या व्हीएममध्ये टॅलीही असेल तर एसक्यूएलला १२ वर बांधा. मायएसक्यूएलसाठी इनोडीबीचा बफर पूल, जावासाठी 'एक्सएमएक्स'. हे होस्ट वाचवण्यापेक्षा गेस्टला आतल्या ओओएमपासून वाचवतं, तरी याच फेरीत उरकून घ्या.

बलूनिंगवर माझा फारसा भरवसा नाही. कल्पना चांगली आहे: होस्टची मेमरी ८० टक्क्यांच्या वर गेली की प्रॉक्समॉक्स गेस्टमधल्या बलून ड्रायव्हरला फुगायला सांगतो आणि तेवढी मेमरी परत मिळवतो. पण विंडोजमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि तो टाकलेला नसतो. गेस्टनं सहकार्य केलं तरच ते चालतं, आणि अचानकच्या मागणीपुढे संथ पडतं. पीसीआय पासथ्रू दिलेल्या व्हीएमची तर सगळी मेमरी सुरुवातीपासून खिळलेली असते; तिथे बलूनचा उपयोग शून्य. फाइल सर्व्हरसारख्या लिनक्स गेस्टला लावून ठेवायला हरकत नाही, पण बेरजेत तो धरू नका. सारख्या पेजेस एकत्र करणाऱ्या केएसएमचंही तेच. वाचलं तर वाचलं.

चौथी पायरी: कोण मरायचं ते ठरवून ठेवा

बेरीज बरोबर असली तरी एखाद्या रात्री गणित चुकू शकतं. त्या रात्री कर्नल निवड कशी करतो? त्याचा नियम साधा आहे. प्रोसेसनं घेतलेली प्रत्यक्ष मेमरी, तिचा स्वॅपमधला (मेमरीऐवजी डिस्कवर ठेवलेला) भाग आणि पेज टेबल्स मिळवायचे. ज्याचे जास्त तो गेला. सध्याची ही पद्धत २०१० साली कर्नल २.६.३६ मध्ये आली. व्हीएमच्या होस्टवर याचा परिणाम ठरलेला: सगळ्यात मोठी व्हीएम जाते, आणि सगळ्यात मोठी म्हणजे सहसा सगळ्यात महत्त्वाची. 'टेस्ट' सुखरूप राहते, टॅली जाते.

यात हस्तक्षेप करायला प्रत्येक प्रोसेसला 'ओओएम_स्कोर_अ‍ॅडज' नावाचा आकडा असतो, उणे १००० पासून १००० पर्यंत. त्याचा एक एकक म्हणजे रॅम आणि स्वॅप मिळून होणाऱ्या बेरजेचा हजारावा भाग. आपल्या उदाहरणात ६२ रॅम आणि ८ स्वॅप, एकूण ७० जीबी. म्हणजे १०० एककं म्हणजे ७ जीबी. आता टेस्टला ३०० द्या. तिचे स्वतःचे ३ आणि वरचे २१, झाले २४. हजेरीला १००, म्हणजे ६ आणि ७ मिळून १३. ईआरपी जशीच्या तशी, १०. फाइल सर्व्हर ६. टॅलीला उणे २५० द्या, २० मधून साडेसतरा गेले, उरले अडीच. क्रम बदलला: आधी टेस्ट, मग हजेरी, मग ईआरपी, टॅली सगळ्यात शेवटी. हजेरी तासभर बंद राहिली तर शिफ्ट बदलताना गेटवर आरडाओरडा होईल, पण मशीनमधल्या नोंदी नंतर ओढता येतात. हा क्रम कारखान्यागणिक वेगळा असेल. हॉस्पिटलमध्ये बिलिंग आधी जाऊ द्याल की रिपोर्टचा सर्व्हर, हे डॉक्टरांना विचारून ठरवा, एकट्यानं नको.

एक मर्यादा लक्षात ठेवा. टेस्ट मेल्यानं फक्त ३ जीबी सुटतात. तेवढ्यानं भागलं नाही तर कर्नल पुढच्याकडे वळतो. छोट्या व्हीएमचा बळी देऊन तुम्ही थोडा वेळ विकत घेता, जागा नाही.

आकडा बसवायला 'चूम -एन ३०० -पी' आणि पुढे प्रोसेस क्रमांक. प्रॉक्समॉक्समध्ये तो क्रमांक 'रन/क्यूएमयू-सर्व्हर' फोल्डरमध्ये व्हीएमच्या क्रमांकाच्या, शेवटी 'पीआयडी' असलेल्या फाइलीत मिळतो. व्हीएम बंद करून चालू केली की आकडा पुसला जातो, म्हणून हुकस्क्रिप्ट लावा: 'पोस्ट-स्टार्ट' टप्प्यावर ही फाइल वाचून चूम चालवणारी चार ओळींची शेल स्क्रिप्ट 'स्निपेट्स' मध्ये ठेवायची, तिला चालवण्याची परवानगी द्यायची आणि 'क्यूएम सेट' मधून व्हीएमला जोडायची. लिबव्हर्टवर 'ईटीसी/लिबव्हर्ट/हुक्स' मधली 'क्यूएमयू' नावाची स्क्रिप्ट हेच काम करते. नव्या कर्नलवर 'ओओएम_स्कोर' वाचलात तर काहीच न केलेल्या बारीक प्रोसेसचाही आकडा ६६६ च्या आसपास दिसतो. मोजणीची पट्टी तिथून सुरू होते, एवढंच.

उणे १००० म्हणजे 'हिला कधीच मारू नको'. प्रत्येकाला आपली व्हीएम अमर हवी असते, आणि सगळ्यांना उणे १००० देऊन मोकळं होणारे मी पाहिलेत. मग कर्नल व्हीएम सोडून प्रॉक्समॉक्सच्याच सेवा मारायला लागतो, आणि मारण्याजोगं काही उरलं नाही तर 'सिस्टम इज डेडलॉक्ड ऑन मेमरी' म्हणून पॅनिक होतो. तेव्हा एक नाही, सगळ्याच व्हीएम जातात. एसएसएचची मुख्य सेवा स्वतःला उणे १००० देते, ते योग्यच आहे. तुम्हाला आत शिरायची वाट उघडी राहते.

स्वॅप, आणि काही खोटे उपाय

होस्टवर थोडा स्वॅप असू द्या, ४ ते ८ जीबी, एसएसडीवर, आणि 'स्वॅपीनेस' ६० वरून १० वर. निपचित पडलेल्या पेजेस तिकडे जातात आणि आणीबाणीत थोडी उसंत मिळते. स्वॅप झेडएफएसच्या झेडव्हॉलवर ठेवू नका. मेमरी नसताना झेडएफएसला लिहायलाच मेमरी लागते आणि मशीन गोठतं. जुन्या फिरत्या डिस्कवर ३२ जीबी स्वॅप हाही उपाय नव्हे. व्हीएम मरत नाही, पण सगळं इतकं संथ होतं की लॉगिनही होत नाही, आणि शेवटी कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरतो.

दर तासाला क्रॉनमधून 'ड्रॉप_कॅशेस' मध्ये ३ लिहायची टूम बरीच दिसते. कर्नल गरज पडल्यावर जो कॅश स्वतःच सोडणार होता, तोच तुम्ही आधी फेकता; ओओएम टळत नाही, डिस्क मात्र हळू होते. 'ओव्हरकमिट_मेमरी' २ करा असाही सल्ला मिळेल. मूळ सेटिंगनुसार तेव्हा होस्ट निम्मी रॅम आणि स्वॅप एवढ्याच बेरजेपर्यंत कबूल होतो, आणि पुढच्या व्हीएम 'कॅनॉट अ‍ॅलोकेट मेमरी' म्हणून सुरूच होत नाहीत. लिबव्हर्टमध्ये व्हीएमला 'हार्ड_लिमिट' घालण्याबद्दल लिबव्हर्टची कागदपत्रंच सावध करतात: क्यूएमयूच्या खर्चाचा अंदाज कमी पडला तर तुमच्याच मर्यादेमुळे व्हीएम मारली जाईल.

फोन यायच्या आधी कळावं म्हणून

दोन आकडे पुरेत. 'प्रॉक' खालच्या 'प्रेशर/मेमरी' फाइलीत 'सम' आणि 'फुल' अशा दोन ओळी असतात (कर्नल ४.२० पासून). 'फुल' मधला 'एव्हीजी६०' म्हणजे गेल्या मिनिटात किती टक्के वेळ सगळंच काम मेमरीसाठी खोळंबलं होतं. निरोगी होस्टवर तो शून्याला चिकटून असतो. तो वर यायला लागला की व्हीएम मरायच्या आधी तुमच्या हातात थोडा वेळ असतो. दुसरा, 'प्रॉक/व्हीएमस्टॅट' मधला 'ओओएम_किल' हा मोजणीचा आकडा. बूट झाल्यापासून किती बळी गेले ते तो सांगतो. पाच मिनिटांच्या क्रॉनमध्ये दोन्ही तपासा आणि आकडा हलला की टेलिग्रामवर किंवा मेलवर संदेश येऊ द्या. रात्री दोनच्या बॅकअपला हजेरीची व्हीएम गेली तर सकाळच्या शिफ्टच्या आधी तुम्हाला माहीत असेल.

बेरीज काही केल्या बसतच नसेल तर रॅम घ्या. मालकाला तो तक्ता आणि लॉगची ओळ दाखवली की सहसा वाद होत नाही. सर्व्हरची ईसीसी रॅम गावातल्या दुकानात काउंटरवर मिळेलच असं नाही, पुण्याहून किंवा बेंगळुरूहून मागवावी लागते, म्हणून चुकीची मागवली तर आठवडा गेला समजा. आधी 'डीएमआयडीकोड -टी मेमरी' चालवून किती स्लॉट रिकामे आहेत, सध्याची आरडीआयएमएम आहे की यूडीआयएमएम, आणि वेग किती, ते लिहून घ्या. या दोन जाती एका बोर्डावर एकत्र चालत नाहीत. आणि ती येऊन बसेपर्यंत टेस्ट बंदच ठेवा.